गल्लीतले चायनीज: घरच्या मोठ्या माणसांना घेऊन बसावे असे ठिकाण कसे ओळखावे?

कोपरीकर

नमस्कार मंडळी.

ठाणे पूर्वेला आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एक लहानसे चायनीज उपाहारगृह आहे. आत आठ टेबले, दाराशी दोन लाल कागदी कंदील आणि रस्त्याच्या बाजूलाच उघडे स्वयंपाकघर, ज्यातला भट्टीचा जाळ पदपथावरूनही दिसतो. गेली बावीस वर्षे आम्ही तिथे जातो. मुलगी शाळेत होती तेव्हा शेवटचा पेपर झाला की संध्याकाळी तिथले मंचाव सूप ठरलेले असायचे. आता ती नोकरीसाठी बंगळूरला असते, पण घरी आली की पहिल्याच संध्याकाळी तिला तिथे जायचे असते.

धागा काढण्याचे कारण असे की माझी आई गेल्या महिन्यापासून मालवणहून आमच्याकडे राहायला आली आहे. तिचे वय ७९ आहे. तिने आयुष्यात कधीही चायनीज खाल्लेले नाही, आणि त्यामागे तिची दोन ठाम कारणे आहेत: अजिनोमोटो आणि लाल रंग. येत्या रविवारी मुलीचा वाढदिवस आहे आणि आजीने सोबत यावे असा तिचा हट्ट आहे. आईने नकार दिलेला नाही. "आधी चौकशी कर, मग सांग," एवढेच ती म्हणाली. ती चौकशी मला मनापासून करायची आहे, कारण दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या ठिकाणाहून मागवलेला फ्राइड राइस खाऊन आमच्या घरातल्या तिघांना रात्रभर उलट्या झाल्या होत्या. डबा उघडताक्षणी भाताला किंचित आंबूस वास होता, पण सॉसचा असेल असे समजून आम्ही तो खाल्ला. ही चूक मला पुन्हा करायची नाही.

बावीस वर्षांच्या अनुभवातून माझे काही अंदाज बनले आहेत, ते आधी मांडतो. चुकत असतील तर जाणकारांनी दुरुस्त करावेत.

पहिला अंदाज असा की हे जेवण बसून खाण्याचे आहे, पार्सलचे नाही. कढईतून बशीत आणि बशीतून तोंडात जायला जेवढा वेळ लागतो, त्यावरच त्याची अर्धी चव अवलंबून असते. मंचाव सूपवरच्या तळलेल्या नूडल्स टेबलावर आल्या तेव्हा कुरकुरीत असतात आणि चौथ्या चमच्याला मऊ होऊ लागतात. त्या दोन अवस्थांमधला जो काळ आहे, त्यातच त्या सुपाची खरी मजा आहे. पार्सलमध्ये त्या वेगळ्या पुडीत येतात खऱ्या, पण तोवर सूप कोमट झालेले असते. क्रिस्पी व्हेज, ड्राय मंच्युरियन, लॉलीपॉप हे पदार्थ बंद डब्यात दहा मिनिटे स्वतःच्याच वाफेत राहिले की त्यांचे वरचे आवरण सुटते.

दुसरा अंदाज टेबलावरच्या व्हिनेगरमधल्या मिरच्यांविषयी आहे. आमच्या इथे ती वाटी रोज नव्याने भरली जाते. मिरच्यांच्या चकत्या हिरव्यागार असतात, व्हिनेगर स्वच्छ असते आणि वाटीच्या कडेला जुन्या सॉसचा थर नसतो. ज्या ठिकाणी त्या मिरच्या पिवळ्या पडून तळाशी बसलेल्या दिसतात, तिथे आतल्या भाताचीही फारशी काळजी घेतली जात नसावी, असे माझे निरीक्षण आहे.

तिसरा मुद्दा अंदाज नसून माझे मत आहे. "हे खरे चायनीज नव्हेच" असे म्हणून या जेवणाला नाक मुरडणारी मंडळी मला मुळीच पटत नाहीत. शेजवान, मंच्युरियन, ट्रिपल राइस, चायनीज भेळ हे आपल्या शहरांत घडलेले पदार्थ आहेत. ते चीनमध्ये मिळतात की नाही हा प्रश्न गौण आहे. ते नीट केले आहेत की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि नीट केलेले कसे ओळखायचे हे शिकण्यासारखे आहे.

तर विचारायचे ते हे: स्वयंपाकघराकडे पाहून काय ओळखावे, आईसाठी काय मागवावे, आणि कारागिराला आधी काय सांगावे?

कढईवाला

कोपरीकर, धागा वाचून आनंद झाला. मी एकोणीस वर्षे चायनीजच्या भट्टीवर काम केले आहे. आधी मुंबईत हेल्पर होतो, नंतर पुण्यात कारागीर झालो आणि आता नाशिकला स्वतःचे लहान दुकान चालवतो. जे सांगतो ते हातच्या कामावरून सांगतो.

सगळे भातापासून सुरू होते. फ्राइड राइसचा भात आपण घरी वरणाबरोबर खातो तसा शिजवून चालत नाही. भरपूर पाण्यात तो ऐंशी टक्के शिजवायचा, वेळायचा, आणि ताबडतोब मोठ्या पसरट ताटांत पातळ पसरून, थोडे तेल लावून गार करायचा. गार झाला की शीत आकसते, वरचा ओलावा जातो आणि कढईत पडल्यावर दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. गरम भात कढईत टाकला तर त्याचा लगदा होतो. म्हणून भात आधी करून ठेवणे हा आळस नाही, ती या पदार्थाची गरज आहे. फरक पडतो तो गार झाल्यावर कुठे ठेवला यात. चांगल्या ठिकाणी तो थेट फ्रिजमध्ये जातो आणि लागेल तसा थोडा थोडा बाहेर येतो. वाईट ठिकाणी दुपारी बाराला केलेला भात पातेल्यात दाबून भरून रात्री अकरापर्यंत भट्टीशेजारीच उघडा पडलेला असतो. तुमच्या घरच्यांना जो त्रास झाला, तो बहुधा अशाच भाताचा असावा.

आता जाळाविषयी. आमची शेगडी घरच्या शेगडीसारखी नसते. हाय प्रेशरचा बर्नर असतो, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, आणि पातळ लोखंडी कढई इतकी तापते की तेलातून धूर निघाल्याशिवाय आम्ही त्यात काही टाकत नाही. आले-लसूण पडले की दोन-तीन सेकंद, मग भाज्या, मग भात, मग कढईच्या कडेने सोया आणि व्हिनेगर. कडेने यासाठी की तापलेल्या लोखंडावर सॉस पडताक्षणी त्यातले पाणी उडते, साखर किंचित करपते आणि तो खमंग वास भाताला लागतो. मध्यभागी ओतला तर भात नुसता काळा आणि ओला होतो. दक्षिण चीनमधल्या कँटनकडचे लोक या वासाला 'वॉक हे' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. आमचे उस्ताद त्याला "आगीची चव" म्हणायचे. एका वेळी दोन फुल प्लेटपेक्षा जास्त भात कढईत घेतला की ती चव येत नाही, कारण कढई थंड पडते. म्हणून गर्दीच्या वेळी जो कारागीर चार ऑर्डरी एकत्र मारतो, त्याच्याकडे शनिवारी रात्री नऊ वाजता जाऊ नये. साडेसातला जावे.

पाहण्याच्या गोष्टी एवढ्याच. भाज्या कापून उघड्या ठेवल्या आहेत की झाकून, कढई प्रत्येक पदार्थानंतर पाण्याने आणि ब्रशने धुतली जाते की नाही, आणि तळणीचे तेल कसे दिसते. तेल काळपट, घट्ट आणि फेसाळ दिसले तर तळलेले काही मागवू नये. बशी रिकामी झाल्यावर तळाशी तेलाचे तळे राहिले असेल तर कढई पुरेशी तापलेली नव्हती असे समजावे.

मंच्युरियनची परीक्षा ग्रेव्हीत होते. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घातले की ग्रेव्ही आधी दुधट दिसते आणि शिजली की पारदर्शक, चकचकीत होते. बशीतली ग्रेव्ही धुरकट असेल आणि जिभेला पिठूळ लागत असेल तर ती कच्ची आहे. गोळा चमच्याने मोडून पाहावा. त्यात कोबी, गाजर, फरसबी दिसली पाहिजे. नुसता मैदा भरलेला गोळा रबरासारखा लागतो.

आईंसाठी सांगायचे तर सूप आणि फ्राइड राइस ताजे करून मागवा, तिखट कमी सांगा, आणि अजिनोमोटो नको हे ऑर्डर देतानाच सांगा. प्रत्येक कढईत ते पळीच्या टोकाने वेगळे पडते, त्यामुळे वगळणे अगदी सोपे असते. मात्र आधी करून ठेवलेल्या शेजवान चटणीत आणि मंच्युरियनच्या गोळ्यांत ते आधीच असू शकते, तेही विचारून घ्या.

हुगळीकाठ

मी मूळची सोलापूरची, पण लग्नानंतर अठ्ठावीस वर्षे कोलकात्यात आहे. कोपरीकरांचा तिसरा मुद्दा वाचून राहवले नाही, कारण हे जेवण 'आपल्या शहरांत घडले' हे खरे असले तरी ते घडवणाऱ्या माणसांविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

कोलकात्याजवळ बजबजच्या पुढे अछीपूर नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग अछ्यू नावाच्या चिनी गृहस्थाने तिथे जमीन मिळवून साखरेचा कारखाना उभारला. त्याच्याच नावावरून गावाचे नाव पडले. चिनी नववर्षाला इथली चिनी कुटुंबे आजही तिथे जाऊन त्याच्या समाधीवर उदबत्त्या लावतात. नंतर आलेल्यांमध्ये हाक्का लोक मोठ्या संख्येने होते. हाक्का या शब्दाचा अर्थच 'पाहुणी कुटुंबे' असा आहे. आपण ज्या हाक्का नूडल्स मागवतो, त्या यांच्या. त्यांनी कोलकात्याच्या टांगरा भागात चामडे कमावण्याचे कारखाने काढले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे ते कारखाने तिथून हलवण्याचा आदेश दिला. काही कारखाने शहराबाहेर बानतलाला गेले, आणि बऱ्याच कुटुंबांनी जुन्या आवारातच उपाहारगृहे चालवणे पसंत केले. आज टांगऱ्यात आपण जिथे चिली चिकन खातो, तिथे कधीकाळी कातडी वाळत असत.

एक गोष्ट मात्र जड मनाने लिहावी लागते. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत इथेच जन्मलेले अनेक होते, राजस्थानात देवळी येथील छावणीत ठेवले गेले. काहींना तिथे वर्षानुवर्षे काढावी लागली. परत आले तेव्हा अनेकांची घरे आणि दुकाने गेलेली होती. पुष्कळ जण कायमचे देश सोडून गेले. जे राहिले, त्यांनी आपल्याला जेवू घातले.

इथे टांगऱ्यात एक चिनी काली मंदिर आहे, जिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य दाखवतात. मी तो प्रसाद कागदी बशीत घेऊन पायरीवर बसून खाल्ला आहे. साधा होता, पातीच्या कांद्याशिवायचा, आणि अतिशय चांगला होता.

कोपरीकर

हुगळीकाठ ताई, आपण लिहिले ते यातले बरेच मला माहीत नव्हते. मंच्युरियनची जी गोष्ट सांगितली जाते, तिचे मूळही कोलकात्यातच पोहोचते. नेल्सन वाँग यांचा जन्म तिथला. ते १९७४ च्या सुमारास मुंबईत आले, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना १९७५ मध्ये त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंच्युरियन केले, आणि १९८३ मध्ये केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन सुरू केले, असा तो वृत्तांत आहे. त्या फोडणीचा क्रम पाहिला की आपल्या घरच्या रश्श्याचीच वाट दिसते. फक्त शेवटचे वळण वेगळे आहे.

कढईवाले दादा, साडेसातची वेळ पक्की केली.

मालवणी_माजघर

आपल्या मातोश्री मालवणच्या आहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

मुंबईत ताजमध्ये १९७३ साली गोल्डन ड्रॅगन सुरू झाले आणि सिचुआन प्रांताची तिखट पद्धत शहराला कळली. पुढे 'सिचुआन'चे 'शेजवान' होऊन ते नाव गाडी-गाडीवर पोहोचले. पण सिचुआनच्या स्वयंपाकातला जो जीभ बधिर करणारा दाणा, तो आपल्या शेजवानमध्ये मुळीच नसतो. आपली चटणी म्हणजे भिजवलेल्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, थोडे आले, तेल, व्हिनेगर आणि साखर. तो दाणा ज्या झाडाचा, त्याच कुळातले एक झाड मात्र कोकणात आहे, आणि ते म्हणजे आपले तिरफळ. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीसमूहातली भावंडे. बांगड्याच्या तिखल्यात शेवटी ठेचून घातलेल्या तिरफळाची साल दाताखाली आली की ओठांना जी झिणझिण येते, तीच सिचुआनच्या जेवणातही येते.

मी घरी शेजवान चटणी करताना चारपाच तिरफळांच्या साली, आतले काळे बी काढून टाकून, भाजून पूड करून घालते. चटणी तेलात परतून झाली आणि आच बंद केली की मगच घालावी, नाहीतर कडवट होते. मिरची ब्याडगी घ्यावी. तिचा रंग गडद येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो, त्यामुळे कोणताही वेगळा रंग घालावा लागत नाही. आपल्या आईंना उपाहारगृहातली चटणी पटली नाही तर घरची ही नक्की पटेल.

म्हापसेकर

रंगाविषयी आपल्या आईंची शंका रास्त आहे, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. गोव्यात जत्रा आणि फेस्तांच्या गाड्यांवर गोबी मंच्युरियन इतके पसरले की त्यावरून मोठा वाद झाला. २०२२ मध्ये वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहात अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेला या गाड्यांवर नियंत्रण आणायला सांगितले, आणि २०२४ च्या सुरुवातीला आमच्या म्हापशात पालिकेने गाड्यांवर आणि जत्रेत गोबी मंच्युरियन विकायलाच मनाई केली. आक्षेप दोन होते, कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी आणली. तिथे पदार्थ बंद झाला नाही, रंग बंद झाला, आणि मला तो मार्ग अधिक योग्य वाटतो. पदार्थाला दोष देऊन गाडीवाल्याचे पोट बंद करण्यापेक्षा रंगाच्या पुडीवर लक्ष ठेवणे अवघड असले तरी तेच करायला हवे.

ओळखण्याची साधी खूण सांगतो. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो आणि तांबूस, थोडा विटकरी दिसतो. पुडीतला रंग पाण्यातही सारखाच उतरतो आणि बोटांना, कागदी रुमालाला गुलाबी-केशरी डाग ठेवतो. लॉलीपॉप किंवा गोबी खाऊन हात धुतल्यावरही बोटे लालसर राहिली तर तिथे पुन्हा जाऊ नये. दर्शनी भागात चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक लावलेला आहे की नाही हेही पाहावे. तो लावणे बंधनकारक आहे.

प्रयोगवही

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दोन गोष्टी जोडते, एक अजिनोमोटोविषयी आणि दुसरी भाताविषयी. माझ्या मते लोकांना पहिलीची भीती नको तेवढी वाटते आणि दुसरीची हवी तेवढी वाटत नाही.

जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. अजिनोमोटो हे या ग्लुटामेटचा क्षार विकणाऱ्या कंपनीचे नाव, आपल्याकडे ते त्या क्षाराचेच नाव झाले. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये नैसर्गिकरीत्या असते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले, ज्यात चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा आणि धडधड जाणवते असे लिहिले होते. कारण काय असावे याविषयी त्यांनी फक्त काही शक्यता मांडल्या होत्या. त्यातली एक शक्यता, म्हणजे अजिनोमोटोची, जगभर सत्य म्हणून पसरली. पुढे खाणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही न सांगता केलेल्या चाचण्यांत, अन्नातल्या नेहमीच्या प्रमाणात असा त्रास सातत्याने दिसून आला नाही. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय, मोठी मात्रा घेतलेल्या काही जणांना थोडा वेळ सौम्य लक्षणे जाणवली, इतकेच. आपल्या आईंना रक्तदाब असेल तर अजिनोमोटोपेक्षा एकूण मिठाकडे पाहावे. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के असते आणि अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के, पण सोया सॉस अतिशय खारट असतो आणि तो सुपात, भातात, ग्रेव्हीत सगळीकडे पडतो. तेव्हा "सोया कमी घाला" ही सूचना अधिक उपयोगाची आहे.

भाताचे मात्र गंभीर आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजुके तांदळात असतात आणि ती उकळण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती रुजतात, जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणून कितीही तापलेल्या कढईत परतले तरी ते नाहीसे होत नाही. उलट्या खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत सुरू होतात. आपण वर्णन केलेली ती रात्र या नमुन्याशी जुळते. पातळ पसरून लवकर गार करणे आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवणे, हे कढईवाल्यांनी चवीसाठी सांगितले, तेच सुरक्षिततेसाठीही योग्य आहे. उरलेला फ्राइड राइस घरी आणला तर तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा.

टोरांटोहून

हुगळीकाठ ताईंनी लिहिलेले देश सोडून गेलेले लोक, त्यांतली बरीच कुटुंबे इथे टोरांटोत आली. इथे 'हाक्का' या नावानेच उपाहारगृहे चालतात आणि त्यांत चिली चिकन, मंच्युरियन, हाक्का नूडल्स असे आपल्या ओळखीचे सगळे मिळते. पहिल्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणी गेलो होतो. गल्ल्यावरच्या वृद्ध चिनी आजींनी आमचे मराठी ऐकून हिंदीत विचारले, "तीखा कितना?" माझी पत्नी तिथेच रडू लागली. आजींनी काही न विचारता आधी गरम सूप आणून ठेवले.

सांजवात

कोपरीकरांशी एका मुद्द्यावर मतभेद नोंदवते. पार्सल वाईटच, हे म्हणणे सरसकट बरोबर नाही. माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते तेव्हा दर शुक्रवारी मी त्यांच्यासाठी चायनीज आणत असे, आणि तो त्यांचा आठवड्यातला सर्वांत आवडता दिवस होता. त्यातून शिकले ते असे की पार्सलसाठी पदार्थ निवडावे लागतात. ग्रेव्ही मंच्युरियन आणि साधा भात वेगळा घ्यावा, नूडल्सऐवजी फ्राइड राइस घ्यावा, तळलेले टाळावे, आणि डब्याचे झाकण वाटेत किंचित उघडे ठेवावे म्हणजे वाफ कोंडत नाही. सुपात घालायच्या तळलेल्या नूडल्स मी घरी चमचाभर तेलात पुन्हा परतून घेत असे.

आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे. त्यांच्यासाठी आमच्या गल्लीतला कारागीर वेगळ्या कढईत, कांदा-लसणाशिवाय, आले न घालता, कोबी, ढोबळी मिरची आणि मिरपूड यांवर भात करतो. लसणाशिवायचे चायनीज कसे लागेल अशी मला शंका होती. मिरपूड जाडसर कुटलेली असेल तर ते फार चांगले लागते.

कोपरीकर

सांजवात ताई, मत मागे घेतो. वडिलांविषयी वाचून बरे वाटले.

सर्वांसाठी रविवारचा वृत्तांत लिहितो. शनिवारी संध्याकाळी एकटाच जाऊन मालकांना भेटलो आणि आईविषयी सांगितले. त्यांनी मला थेट आत नेले. स्टीलच्या तीन पसरट ताटांत भात पसरलेला होता आणि वर पंखा चालू होता. तो अर्ध्या तासात फ्रिजमध्ये जातो, असे कारागीर म्हणाला, आणि फ्रिजमधली आदल्या खेपेची ताटेही त्याने उघडून दाखवली. हा तरुण दार्जिलिंगकडचा नेपाळी आहे आणि नऊ वर्षे याच भट्टीवर आहे. बावीस वर्षे ज्या ठिकाणी जेवलो, त्याचे स्वयंपाकघर मी त्या दिवशी प्रथमच आतून पाहिले. शेजवान चटणीत रंग घालत नाही, मिरची ब्याडगी आणि काश्मिरी मिसळून घेतो, असेही त्याने सांगितले. मी बोटावर घेऊन पाहिली, आणि धुतल्यावर बोटावर डाग राहिला नाही.

रविवारी साडेसातला आम्ही चौघे गेलो. फक्त एक टेबल भरलेले होते. आईला भट्टी दिसेल अशा खुर्चीवर बसवले. जाळ कढईच्या वर आला की ती थोडी मागे सरकत होती, पण नजर हलवत नव्हती. तिच्यासाठी सोया कमी घातलेले मंचाव आणि अजिनोमोटोशिवायचा व्हेज फ्राइड राइस सांगितला. सूप अर्धेच घेतले, तिला ते दाट वाटले. भाताची शिते मात्र तिने बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाली, "भात बरो मोकळो झालो हा." ज्या बाईने सत्तर वर्षे चुलीवर भात वेळला, तिच्या तोंडचे हे वाक्य मी कारागिराला जाऊन हिंदीत सांगितले. तो हात पुसत बाहेर आला आणि तिला नमस्कार करून गेला.

व्हिनेगरच्या मिरच्या तिला सगळ्यात जास्त आवडल्या. एकेक चकती ती भाताबरोबर लोणच्यासारखी लावून खात होती, आणि त्या किती दिवस टिकतात हे तिने मालकांना दोनदा विचारले. मंच्युरियन तिने मुलीच्या बशीतून एक घास घेऊन पाहिले. कोबी दिसली म्हणून खाल्ले, असे नंतर घरी सांगितले. रात्री कोणालाही काही त्रास झाला नाही.

नूडल्स तिने या वेळी घेतल्या नाहीत. पुढच्या वेळी घेईन म्हणाली आहे, मात्र काटा न वापरता हाताने खाल्ल्या तर चालेल का, हे मला मालकांना आधीच विचारून ठेवायला सांगितले आहे.